वीटभट्टीतली दुपार

(दुपारची वेळ. दोन खोल्यांचं घर. लढाईत गेलेल्या एका कॅप्टनचे वडील, त्याची बायको आणि त्याच्या तुकडीतला हवालदार.)

बाबा : अहो, ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो. इकडे बसा, खिडकीपाशी. आणि मला सारखं ‘साहेब, साहेब’ नका करू. एकतीस वर्षं बस चालवली मी. शिव्या पोटभर खाल्ल्या, पण साहेब कुणी म्हटलं नाही.

हवालदार : मग काय म्हणू?

बाबा : बाबा म्हणा. ही सूनही बाबाच म्हणते. आणि हे बघा, चार महिन्यांत तुम्ही फिरकला नाहीत, त्याचा मला काडीचा राग नाही. माणसाला कामं असतात. त्यात तुमचा हा खांदा असा.

हवालदार : कामं नव्हती, बाबा. दोनदा आलो होतो. कोपऱ्यापर्यंत आलो आणि परत फिरलो.

सून : एकदा मी बघितलं तुम्हाला. औषधाच्या दुकानासमोर उभे होतात, हात गळ्यात बांधलेला. मी हॉस्पिटलमधून येत होते.

हवालदार : हाक नाही मारलीत, वहिनी?

सून : नाही. तुम्ही काय सांगणार याची भीती वाटली.

बाबा : भीती कसली त्यात? माझा लेक कसा लढला ते सांगणार, दुसरं काय! पुढच्या आठवड्यात पदक द्यायचं आहे, मोठा मंडप घालणार आहेत म्हणे. त्याच्या नावाचं मी घ्यायचं. हिला म्हटलं तू घे, तर ही म्हणते माझे हात थरथरतील. रोज दहा जणांना सुया टोचते, तेव्हा नाही थरथरत!

सून : बाबा, त्यांना आधी पाणी तरी घेऊ द्या.

हवालदार : त्याच मंडपात मलाही पदक आहे, बाबा. तुमच्या शेजारीच उभं करणार आहेत मला. म्हणून आज आलो. आधी तुमच्या कानावर घातल्याशिवाय मी तिथे उभा राहू शकत नाही.

बाबा : काय कानावर घालायचं आहे?

हवालदार : तुम्हाला पत्र आलं असेल, ऑफिसातून.

बाबा : पाठ आहे मला. ‘शत्रूशी शौर्याने लढत असताना गोळी लागून आपल्या चिरंजीवांना जागीच वीरमरण आले.’ जागीच. हवालदार, या एका शब्दावर मी चार महिने काढलेत. गाडी चालवताना अपघात पुष्कळ पाहिले मी. तळमळत पडलेली माणसं पाहिली. म्हटलं, जाऊ दे, आपल्या पोराच्या वाट्याला ते तरी आलं नाही.

हवालदार : तो शब्द खरा नाही, बाबा.

सून : हवालदार, थांबा जरा.

हवालदार : वहिनी, मला थांबवू नका. आज थांबलो तर पुन्हा बोलायची हिंमत होणार नाही.

बाबा : खरा नाही म्हणजे? सरकारी शिक्का आहे त्याच्यावर.

हवालदार : लिहिणाऱ्यांनी चांगल्या मनाने लिहिलं. घरच्यांना त्रास नको म्हणून. साहेबांना अडीचच्या आधी गोळी लागली. त्यांचा शेवटचा आवाज आम्ही ऐकला तो चार वाजून दहा मिनिटांनी.

बाबा : दीड तास?

हवालदार : त्याहून थोडा जास्तच.

बाबा : तू गप्प का, पोरी? अशी खाली का बघतेस? तुला माहीत होतं?

सून : हो.

बाबा : कुणी सांगितलं?

सून : कुणी नाही. त्याला आणलं, तेव्हा मी हट्टाने आत गेले होते ना. त्याच्या उजव्या मांडीला पट्टी बांधलेली होती. मेलेल्या माणसाला कुणी पट्टी बांधत नाही, बाबा. आणि पट्टीखालचा पाय काळानिळा पडला होता. रक्त बराच वेळ अडवून धरलेलं असलं तरच तसा होतो.

बाबा : आणि चार महिने तू...

सून : तुम्हाला झोप लागत होती. ती कशाला मोडू म्हटलं.

बाबा : कुठली झोप! तुला बरं वाटावं म्हणून डोळे मिटून पडायचो. तू आतून सारखी बघून जायचीस, ते कळायचं मला.

हवालदार : ती पट्टी मी बांधलेली नव्हती, वहिनी. तुम्हाला वाटत असेल की मी बांधली आणि—

सून : माहीत आहे. त्याने स्वतःच बांधली. गाठ डाव्या हाताची होती. एक टोक दातात धरायचं, दुसरं खालून ओढून घ्यायचं. मीच शिकवली होती. मागच्या सुट्टीत याच टेबलाच्या पायाला बांधून दाखवली. चार वेळा सुटली त्याची. पाचव्यांदा जमली तेव्हा इतका नाचला, की बाबा बाहेरून ओरडले, काय सर्कस लावली आहे म्हणून.

बाबा : असेल. मला नाही आठवत.

सून : मला आठवतं. नीट बांधली होती त्याने. आमच्या वॉर्डातल्या शिकाऊ मुलींनाही इतकी नीट जमत नाही.

बाबा : हवालदार, आता पहिल्यापासून सांगा. मधलं काही गाळू नका. माझी कीव करू नका.

हवालदार : सांगतो. आम्ही सव्वीस जण होतो, दोन गाड्या. पुढच्या चौकीला धान्य आणि दारूगोळा पोचवायचा होता. दहाच्या सुमाराला टेकडीवरून मारा सुरू झाला. पुढची गाडी पहिल्याच फटक्यात पेटली. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेली वीटभट्टी होती, साहेबांनी सगळ्यांना तिच्यात घेतलं. चार जण आधीच गेले होते. नऊ जखमी. वायरलेसवर एकदाच बोलणं झालं, मदत निघते म्हणाले, मग तोही बंद पडला.

बाबा : बाहेर पडायला वाट?

हवालदार : मागे नदीचं कोरडं पात्र. तीनशे पावलं उघडी वाळू, एक झुडूपसुद्धा नाही. पलीकडे उंच काठ. काठामागे गेलं की माणूस वाचला. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत ही भट्टी टिकत नाही, जखमींना पलीकडे न्यायचं. मशीनगन घेऊन ते धुराड्याच्या बुंध्याशी बसले. ती सुरू झाली की टेकडीवरचे डोकं खाली घालायचे, तेवढ्यात आम्ही एक जखमी उचलून पळायचो. असे आठ जण पलीकडे नेले. नेणाऱ्यांतल्याही तिघांना गोळ्या लागल्या, मला इथे खांद्यात लागली. पण नेले.

बाबा : आणि नववा?

हवालदार : नववा गाडीपाशी पडलेला होता, उघड्यावर. आमचे स्वयंपाकी. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. पन्नाशीला टेकलेला माणूस. पोटात लागली होती. आम्हाला वाटलं, गेले. मग त्यांनी हात हलवला. साहेबांनी तो बघितला.

सून : आणि गेला.

हवालदार : मी जातो म्हटलं, तर म्हणाले, ‘तुमचा एक खांदा कामातून गेलाय, तुम्ही गन सांभाळा.’ वाकून पळत गेले. काका अंगाने हे असे, नव्वद किलोंना कमी नाहीत. साहेब तुम्हाला माहीत आहेत, काडी. कॉलरला धरून, पाठमोरे चालत, फरफटत आणलं त्यांना. दारात पोचता पोचता मांडीत गोळी लागली.

बाबा : भित्रं होतं हो लहानपणी. कुत्रं दिसलं तरी माझ्या पायात घुसायचं.

हवालदार : त्या दिवशीही भीती वाटत होती त्यांना. मला म्हणाले, ‘हवालदार, माझं तोंड इतकं कोरडं पडलंय की थुंकताही येत नाही.’ हसले. आणि काकांकडे पळाले.

बाबा : मग?

हवालदार : तेव्हा भट्टीत आम्ही तिघंच उरलो होतो. बाकी सगळे पलीकडे. माझा एकच खांदा धड. एकालाच नेता येणार होतं.

बाबा : एकालाच.

हवालदार : मी साहेबांच्या काखेत हात घातला. त्यांनी झटकला. म्हणाले, ‘यांना न्या.’ मी म्हटलं, साहेब, यांच्या पोटात लागलीय, हे राहतील असं वाटत नाही. तर म्हणाले, ‘ते तुम्ही ठरवणार का? हे बघा. यांना इथे ठेवलंत तर हे नुसते पडून राहतील, आणि आपण दोघं वाळूत मध्यावर असताना मागून गन कोण चालवणार? मी राहिलो तर मला चालवता येते. तुम्ही पोचाल.’

बाबा : आणि तुम्ही ऐकलंत.

हवालदार : वाद घातला. ‘वाद नको, माझी पट्टी सैल होतेय,’ म्हणाले. मग हुकूम दिला. तोपर्यंत विनंती होती. मग हुकूम.

बाबा : मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. त्याला आणता आलं असतं का?

सून : बाबा...

बाबा : तू मध्ये पडू नकोस. हो की नाही?

हवालदार : आलं असतं. त्यांचं वजन साठच्या आत. काकांना तिथे ठेवलं असतं, तर बहुतेक आलं असतं.

बाबा : बहुतेक आलं असतं. आणि ते तुमचे काका? ते तरी राहिले?

हवालदार : नाही. तिसऱ्या दिवशी गेले. हॉस्पिटलमध्ये.

बाबा : म्हणजे तोही गेला आणि माझाही गेला! ऐकलंस ना, पोरी? एका स्वयंपाक्यापायी माझा... उठा. उठा इथून. आणि त्या मंडपात माझ्या शेजारी उभे राहू नका. मला नाही सहन होणार.

हवालदार : नाही राहणार. पदक नको म्हणून लिहून देतो मी. तेच विचारायला आलो होतो.

सून : बसा हवालदार. बाबा, तुम्हीही बसा. मला बोलू द्या. माझी पाळी आलीच नाही अजून.

बाबा : तू काय बोलणार? तुझा तर—

सून : हो, माझाच नवरा. आमच्या वॉर्डात एकदा दोघं एकदम आले आणि श्वासाचं मशीन एकच होतं. जो वाचेलसा वाटत होता त्याला लावलं, तो गेला. दुसरा खुर्चीवर बसल्या बसल्या जगला. त्यानंतर आठ दिवस डॉक्टरांनी कुणाशी बोलणं टाकलं होतं. पुढचं दिसत नाही, बाबा. त्या वेळी जे दिसतं त्यावर ठरवावं लागतं. आणि त्याने बरोबर ठरवलं. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. याचाच मला राग येतो.

हवालदार : राग?

सून : भयंकर. सगळे येतात आणि म्हणतात, अभिमान वाटायला हवा. वाटतो. पण रोज सकाळी कपडे वाळत घालताना मी त्याच्याशी भांडते. म्हणते, तुला सगळ्यांचा हिशोब बरोबर सुचला, त्यात मी कुठे होते? आणि उत्तर येत नाही, म्हणून अजून चिडते.

बाबा : तू कधी बोलली नाहीस हे.

सून : कुणाशी बोलू? तुम्ही डोळे मिटून पडलेले.

हवालदार : वहिनी, एक सांगायचं राहिलं. मी परत निघालो होतो.

बाबा : कुठे परत?

हवालदार : भट्टीकडे. काकांना काठामागे टाकलं आणि लगेच वळलो. दहा-बारा पावलं गेलो असेन. माझ्या पायापुढे वाळू उडाली. मला वाटलं टेकडीवरून आली. पुन्हा उडाली. तेव्हा कळलं, गोळी भट्टीतून येतेय. साहेब मारत होते. मला लागू नये इतकी लांब आणि मला पुढे येता येऊ नये इतकी जवळ.

सून : तुम्हाला परत पाठवत होता.

हवालदार : मी ओरडलो, शिव्यासुद्धा दिल्या. साहेबांना! पुन्हा एक गोळी, अजून जवळ. मग मी मागे सरकलो. आज चार महिने मी स्वतःला विचारतोय. ते मला मारणार नव्हतेच ना? मग मी का थांबलो? पळत गेलो असतो, तर काय, ते मला थोडेच मारणार होते?

बाबा : मग का थांबलात?

हवालदार : थकलो होतो, बाबा. भीती वाटत होती. आणि जगायला मिळत होतं. असं आहे ते. हुकूम होता म्हणून थांबलो असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हाला नाही सांगू शकत.

बाबा : हं.

सून : पुढे? चार वाजून दहापर्यंत?

हवालदार : आधी गन चालत होती. पाऊण तास असेल. मग बंद. आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. आणि मग रायफलची एक गोळी. थोड्या वेळाने अजून एक. पाच मिनिटांनी एखादी, कधी सात मिनिटांनी. नेम धरून नाही, नुसती. त्या एकेका गोळीमुळे टेकडीवरच्यांना वाटत राहिलं, भट्टीत माणसं आहेत. ते खाली उतरले नाहीत. उतरले असते तर काठामागचे आम्ही कुणी उरलो नसतो. प्रत्येक गोळी वाजली की आमच्यातला कुणीतरी म्हणायचा, ‘आहेत.’ बस, एवढंच. ‘आहेत.’

बाबा : आणि चार दहाला...

हवालदार : त्यानंतर वाजली नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. मदत आली पाच वाजून गेल्यावर. सगळ्यांच्या आधी मीच गेलो आत. बरगडीखाली दुसरी गोळी लागली होती. डोळे मिटलेले होते, ते मी मिटवले नाहीत. हे खरं सांगतो.

बाबा : शेवटी तुम्हाला जा म्हणाला, तेव्हा आमच्यासाठी काही? हिच्यासाठी?

हवालदार : नाही, बाबा. मी वाटेत ठरवत होतो की काहीतरी सांगावं. तुमचं नाव घेतलं, वहिनींचं घेतलं असं. पण नव्हतं घेतलं. वेळच नव्हता. मी काकांना पाठीवर घेतलं, आणि ते म्हणाले, ‘डावीकडून जा, उजवीकडे खड्डे आहेत.’ हेच शेवटचं.

सून : बरं झालं, खोटं नाही सांगितलंत.

बाबा : वार कोणता होता तो? मंगळवार ना? पोरी, मंगळवारी चारला मी काय करत होतो?

सून : कशाला ते आता, बाबा?

बाबा : सांग ना.

सून : मी ड्युटीवर होते. तुम्ही घरी होतात. नळ दुरुस्त करायला माणूस आला होता.

बाबा : बरोबर. मेल्याने वायसर जुनाच बसवला. त्याच्याशी मी अर्धा तास वाद घातला. जिन्यात उभा राहून. शेजारी बघायला आले. माझं पोरगं तिकडे एकेक गोळी... आणि मी इकडे वायसरसाठी जिवाच्या आकांताने ओरडत होतो.

सून : तुम्हाला काय माहीत होतं?

बाबा : बापाला काहीतरी कळायला नको? ठेच लागावी, भांडं पडावं, काहीतरी? चांगली भूक लागली होती त्या संध्याकाळी मला. दोनदा वाढून घेतलं.

हवालदार : मी निघतो आता. मंडपाचं मी उद्या कळवून टाकतो.

बाबा : काय कळवता?

हवालदार : पदक नको म्हणून.

बाबा : तो तुमच्या पायापुढे गोळ्या मारत होता, ते काय तुम्ही घरी बसून स्वतःला खात राहावं म्हणून? घ्या ते पदक. उभे राहा माझ्या शेजारी. मगाशी बोललो ते... तोंडातून गेलं ते. त्या माणसाला स्वयंपाक्या म्हणालो, तेही. त्याच्या घरी कोण आहे?

हवालदार : बायको. दोन मुली, लग्नाच्या.

सून : त्यांना कुणी सांगितलं का हे सगळं?

हवालदार : नाही. तिथे तर कोपऱ्यापर्यंतही गेलो नाही मी.

सून : मी येईन तुमच्याबरोबर. त्या बाईंशी मला बोलता येईल.

बाबा : हवालदार, तुम्ही त्या काकाला वाळूतून नेलंत. शुद्धीत होता?

हवालदार : होते. शेवटपर्यंत होते. हॉस्पिटलमध्येही.

बाबा : त्याला कळलं होतं, मागे कोण राहिलंय ते?

हवालदार : कळत होतं. पाठीवरून मान वळवून मागे बघायचा प्रयत्न करत होते सारखे. विचारत होते, ‘साहेब कुठे? साहेब कुठे?’ मी म्हटलं, साहेब मागून येताहेत. हॉस्पिटलमध्ये दार वाजलं की तिकडे बघायचे. मी शेजारच्याच खाटेवर होतो. तिन्ही दिवस तेच सांगितलं. मागून येताहेत, काका. येताहेत.

बाबा : त्याला खरं वाटलं?

हवालदार : वाटलं असावं. शांत पडायचे मग.

बाबा : हवालदार.

हवालदार : जी.

बाबा : मला माहीत आहे सगळं. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. तरी एकदा, फक्त एकदाच, मलाही तसंच सांगा.

सून : बाबा...

बाबा : राहू दे ग, पोरी. सांगा हो.

हवालदार : येताहेत, बाबा. साहेब मागून येताहेत.